धान वाळवायचं पटांगण

आमच्या घरात हॉटेलात राहिलेलं कोणी नव्हतं. लग्नाला बाहेरगावी गेलो तर शाळेच्या खोलीत सतरंजीवर झोपायचं, आणि दवाखान्यासाठी नागपूरला गेलो तर नातेवाइकांकडे. त्यामुळे कॉलेजच्या सरांनी जेव्हा सांगितलं की तुला एक रात्र हॉटेलात राहावं लागेल, तेव्हा मी पहिल्यांदा हेच विचारलं, "सर, राहायलाच लागते का?"

सर हसले. मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. गोंदियाकडे जाणाऱ्या रस्त्यावरची जुनी राईस मिल एकाने विकत घेऊन तिचं हॉटेल केलं होतं. तिथे येणाऱ्या पाहुण्यांना शनिवार-रविवारी मिल फिरवून दाखवायला, तिची माहिती सांगायला त्यांना इतिहासाचा एखादा विद्यार्थी हवा होता. त्यांची निवडायची पद्धत अशी, की आधी घरच्या एका मोठ्या माणसासोबत येऊन एक रात्र पाहुण्यासारखं राहायचं, सगळं बघायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुण्यांना फिरवून दाखवायचं. जमलं तर काम पक्कं.

मला ते काम हवं होतं. बाबांनी शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं, "बी.ए.पर्यंत मी नेलं. पुढचं तू पाहा." ते रागाने बोलले नव्हते. भावाचं आयटीआय सुरू होतं आणि आमची शेती ठेक्याची. मला एम.ए. करायचं होतं, आणि या कामाच्या पैशात ते होण्यासारखं होतं. दुसरा कोणताही रस्ता मला दिसत नव्हता. मी बोलायला बिचकते, चार लोकांपुढे माझा आवाज बसतो, हे मला माहीत होतं. तरी मी हो म्हटलं.

आणखी एक गोष्ट होती. त्या मिलमध्ये माझी माय कामाला होती. लग्नाआधीपासून, आणि मी लहान असताना मिल बंद पडली तोपर्यंत. हे मी सरांना सांगितलं नाही. लपवलं असं नाही, त्यांनी विचारलं नाही एवढंच.

निघायच्या दिवशी शेजारची काकू दारात उभी होती. "हॉटेलात झोपाले चालल्या मायलेकी! काऊन वो, घरची खाट मोडली का?"

"खाट हाय बाई," माय म्हणाली, "पण तिले एसी नाई नं."

बसमध्ये गोरेगाव मागे पडलं तेव्हा माय एकदाच म्हणाली, "तिथं कोणाले सांगू नोको, मी होती म्हणून."

"काऊन?"

"असंच. तुह्या कामाचं पाहा."

मिलची चिमणी लांबूनच दिसली. लहानपणी आम्ही तिकडे जायचो तेव्हा ती काळी होती, आता पांढरी रंगवली होती. फाटकावर एक झुपकेदार मिशांचा रखवालदार होता, त्याने आम्हाला सलाम ठोकला. मायने मागे वळून पाहिलं, कोणी मोठं माणूस येऊन राहिलं की काय म्हणून. मग तिच्या लक्षात आलं, आणि तिने घाईघाईने डोक्यावरचा पदर सारखा केला.

आत स्वागताच्या खोलीत भिंतीवर सुपं टांगली होती. वेगवेगळ्या आकाराची सुपं, त्यांच्यावर पिवळे दिवे. एका कोपऱ्यात जुना तराजू, वर्तुळात मांडलेले पोती शिवायचे दाभण. माय सुपांकडे पाहत राहिली. "यांच्या घरी पाखडते कोण?" तिने मला हळूच विचारलं. मला हसू आवरेना.

मॅनेजर तरुण होते, गोंदियाचेच, हिंदीत बोलणारे, चांगले होते. हे आधीच सांगते, कारण पुढे जे झालं त्यात त्यांचा काही दुष्टावा नव्हता. त्यांनी आम्हाला खोली दाखवली. जुन्या गोदामाचे भाग पाडून खोल्या केल्या होत्या. छत खूप उंच. पलंगावर पांढरीशुभ्र चादर इतकी घट्ट खोचलेली, की माय तिच्यावर बसली नाही, आधी हात फिरवून पाहिला.

"इथं थप्प्या राहत," ती वर बघत म्हणाली. "त्या तुळईपर्यंत पोती. दरवाजातून आत आलं की वास येई. आता कायचा वास येऊन राहिला?"

"गवती चहाचा," मी म्हटलं. बाथरूममध्ये त्याची बाटली होती.

"चहा पेतो आपण, अन् हे भिंतीले पाजून राहिले."

मिलमध्ये काय चालायचं हे थोडं सांगितलं पाहिजे. इथे उसना, म्हणजे उकडा तांदूळ व्हायचा. धान आधी मोठ्या हौदांत भिजवायचं, मग वाफवायचं, मग उन्हात वाळवायचं आणि मग भरडायचं. वाळवण्यासाठी मिलच्या मधोमध सिमेंटचं मोठं पटांगण. त्यावर बायका धान पसरवायच्या, आणि ते सगळीकडून सारखं वाळावं म्हणून दिवसभर त्यातून पाय ओढत चालायच्या. पाय उचलायचा नाही, नुसता ओढायचा. मागे धानात सरीसारख्या रेषा पडत जातात आणि खालचं धान वर येतं. याला माय पाय फिरवणं म्हणते. आमच्या घरीही खायच्या तांदळासाठी धान उकडतात तेव्हा अंगणात असेच पाय फिरवतात, मीही फिरवते. फरक एवढाच, की मिलचं पटांगण आमच्या गल्लीएवढं होतं.

हौदांत आता कमळं लावली होती. पटांगणात छत्र्या आणि टेबलं मांडली होती, संध्याकाळी पाहुणे तिथे चहा घेतात.

आम्हालाही चहाला बोलावलं. पटांगणाच्या कडेला आलो आणि मायने चपला काढल्या. मी तिच्या मागे होते, मीही काढल्या. मुद्दाम ठरवून नाही. धान वाळतं तिथे चपला घालून कोणी जात नाही, एवढंच अंगात होतं. आम्ही अनवाणी चालत जाऊन टेबलाशी बसलो. तेवढ्यात एक वाढपी आमच्या चपला हातात घेऊन पळत आला.

"माताजी, आपकी चप्पल छूट गई."

"सुटली नाई बाबू, काढली. ठेव जाऊन तिथंच."

तो गोंधळला. चपला टेबलाखाली ठेवून गेला. माय उठली, चपला घेऊन परत कडेला ठेवून आली. शेजारच्या टेबलावरची लहान मुलगी तिच्याकडे टक लावून पाहत होती. मला वाटलं, लोक काय म्हणत असतील. पण चपला घालायला मी गेले नाही. पाय वळत नव्हते.

मॅनेजर आमच्याजवळ येऊन बसले. त्यांनी मला हिंदीत छापलेला कागद दिला होता, सकाळी काय बोलायचं त्याचा. बॉयलर कोणत्या देशातून आला, चिमणी किती उंच, मालकांचं घराणं. पटांगणाबद्दल एकच ओळ होती, यहाँ धान सुखाया जाता था.

"सर," मी म्हटलं. माझा आवाज लहानच निघाला. "इथं बायका कशा धान वाळवायच्या, ते मी करून दाखवू का? थोडं धान पाहिजे फक्त."

ते एकदम सरसावून बसले. "ये हुई ना बात! गेस्ट को यही तो चाहिए. आपको कैसे पता ये सब?"

मी मायकडे पाहिलं. तिने टेबलाखालून मला पाय मारला. पण मॅनेजर हुशार होते, त्यांनी तिच्या पायांकडे पाहिलं, कडेला ठेवलेल्या चपलांकडे पाहिलं.

"माताजी, आप यहाँ काम करती थीं?"

"करत होती," माय म्हणाली.

"तो आप ही दिखाइए ना कल! वीडियो बनाएँगे. एकदम असली."

माय कपात बघत होती. मग तिने आपल्या बोलीतच उत्तर दिलं, त्यांना कळेल की नाही याची फिकीर न करता. "तवा दिवसभर उन्हात होतो आम्ही, तवा 'सावलीत या' म्हणाले कोणी आलं नाई. आता पाहाले येऊन राहिले. मी नाई दाखवत बाबू. पोरीले दाखवाचं तं दाखवू दे, तिची मर्जी."

त्यांना ते कळलं. मग ते माझ्याकडे वळले, "ठीक है. आप कीजिए. धान का मैं देख लूँगा."

खोलीवर आल्यावर मी मायला म्हटलं, "राग आला का?"

"कायचा राग?" ती खिडकीजवळ खाली बसली होती, पलंगावर नाही. "तू सांगजो सगळं. पाय कसे भाजत ते सांगजो. दुपारी आभाळ आलं की कसे धावत होतो ढीग कराले, तेही सांगजो. एकीचं लेकरू तिकडं सावलीत रडे अन् ती इकडं धान गोळा करे. सांगाले काई ना नाई माही. पण मले उभी करून दाखवू नोको."

"माझा आवाज बसला तर?"

"तं बसू दे. बसलेल्या आवाजात सांगजो."

सकाळी ऊन कोवळं होतं. पाहुणे तसे थोडेच होते. रायपूरचं एक कुटुंब, ती टक लावणारी मुलगी त्यांचीच. नागपूरचं एक वयस्कर जोडपं. आणि काही कॉलेजची मुलं, गळ्यात कॅमेरे घातलेली. मी बॉयलरपाशी सुरुवात केली आणि जे व्हायचं तेच झालं. पहिल्याच वाक्याला आवाज बसला. मी कागदावरून वाचू लागले. चिमणी झाली, हौद झाले. कॅमेरावाली मुलं मागे रेंगाळू लागली. नागपूरचे काका म्हणाले, "मोठ्याने बोल बाळा, भीतेस काय?" त्याने अजूनच भीती वाटली. मी मनात एवढंच धरून ठेवलं होतं, की पटांगणात पोचलं की मला कागद लागणार नाही.

पटांगणाशी आलो. टेबलं बाजूला केली होती. मधल्या जागेत मॅनेजर उभे होते, हसत, आणि त्यांच्या पुढे सिमेंटवर काहीतरी पांढरं पसरलेलं होतं.

मी जवळ जाऊन पाहिलं. तांदूळ होता.

क्षणभर मला वाटलं, हे दुसऱ्या कशासाठी असेल. मग ते म्हणाले, "धान तो किचन में था नहीं, तो मैंने चावल डलवा दिया. फोटो में और अच्छा आएगा. चलिए, दिखाइए."

राईस मिल, आणि तिच्यात धानाचा एक दाणा नाही. पण ते मला नंतर सुचलं. तेव्हा मी फक्त त्या तांदळाकडे पाहत होते. मी चपला काढल्या होत्या. माझं पाहून पाहुण्यांनीही बूट-चपला काढल्या होत्या, रायपूरच्या बाईंनी तर मुलीचे मोजेही काढले होते, देवळात जावं तसे. सगळे वाट बघत होते. कॅमेरे वर गेले होते.

धानावर पाय चालतो. धान टरफलात असतं, त्यातून चालल्याशिवाय ते वाळतच नाही. पण टरफल निघालं की तांदूळ झाला, आणि तांदूळ म्हणजे जेवण. आमच्याकडे तांदळाचा दाणा चुकून पायाखाली आला तरी वाकून हात लावतात. हे मला कोणी शिकवलेलं आठवत नाही. आणि समोर एवढा पसरलेला.

"सर, हे नाही जमणार," मी म्हटलं.

"क्या?"

"तांदळावर पाय नाही देणार मी."

ते माझ्या जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "दो मिनट की बात है. सब देख रहे हैं. मालिक को वीडियो भेजना है आज." त्यांच्या आवाजात धमकी नव्हती, घाई होती. पण मला ऐकू आलं ते दुसरंच. मला ऐकू आलं की काम गेलं. एम.ए. गेलं. बाबांचं "पुढचं तू पाहा" ऐकू आलं. दोनच मिनिटं, पाय ओढत जायचं आणि यायचं. घरी कोणाला कळणारही नव्हतं. माय तर दूर खांबाशी उभी होती.

"नाही सर," मी पुन्हा म्हटलं. आणि कसा कोण जाणे, हे मोठ्याने निघालं. "धान असतं तर सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालले असते."

नागपूरचे काका पुढे झाले. ते चिडले नव्हते, त्यांना खरंच प्रश्न पडला होता. "अगं पण आपल्यात नवी नवरी घरात येते तेव्हा तांदळाचं माप पायानेच लवंडते की. मग?"

त्यांचं बरोबर होतं. सगळे माझ्याकडे पाहत होते. मी जे मनात आलं ते म्हटलं. "ते एकदाच असते काका. अन् ती घरात येऊन राहते. हे तर दर शनिवारी होणार, अन् करून झाल्यावर झाडून टाकणार."

त्यांच्यासोबतच्या काकू फिसकन हसल्या. "द्या आता उत्तर," त्या काकांना म्हणाल्या.

मॅनेजरच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. पण मी आता मागे फिरणार नव्हते. मी खाली बसले आणि हातांनी तांदूळ गोळा करायला लागले. बोलता येत नव्हतं तर निदान हे येत होतं. सिमेंटवरची धूळही तांदळात येत होती. थोड्या वेळाने माझ्याशेजारी एक सावली पडली. माय होती. तिच्या हातात सूप होतं. त्याच्या मागची लटकवायची तार दिसली तेव्हा मला ते ओळखू आलं.

"भिंतीवरचं काढलं?" मी घाबरून विचारलं.

"मंग काय पदरात पाखडू? सरक."

तिने बसकण मारली आणि पाखडायला सुरुवात केली. धूळ उडून जाऊ लागली आणि तांदूळ सुपात मागे सरकत राहिला. कॅमेरावाल्या मुलांना तेच हवं होतं, ती भराभर फोटो काढू लागली. मायने मान वर केली.

"फोटो कायले काढता? हात लावा. तिकडून गोळा करून आणा."

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाने कॅमेरा पाठीवर टाकला आणि खाली बसला. मग रायपूरची ती मुलगी बसली, तिची आई बसली. बाई म्हणाल्या, "हमारे छत्तीसगढ़ में भी चावल को पैर नहीं लगाते. मैं तो कब से सोच रही थी, ये कर क्या रहे हैं." मायने त्यांना सूप देऊन पाहिलं. त्यांनी पहिल्याच झटक्यात अर्धे तांदूळ नवऱ्याच्या पायांवर उडवले. नवरा उडी मारून मागे सरकला आणि सगळे हसले. मॅनेजरही हसले, पण थोडेच.

आणि तिथेच बसल्या-बसल्या मी बोलायला लागले. उभी राहिले असते तर जमलं नसतं. हात चालू होते म्हणून जमलं. हौदातून धान कसं काढायचे, इथे कसं पसरायचे, बायकांची रांग कशी चालायची, दुपारी पायांना कसं व्हायचं. आभाळ आलं की काय पळापळ व्हायची. मराठीत सुरू केलं, मध्येच हिंदीत गेले, मध्ये आमच्या बोलीत. आवाज बसलेलाच होता, पण सगळे इतके जवळ बसले होते, की ऐकू जात होतं. त्या रडणाऱ्या लेकराचं सांगितलं तेव्हा रायपूरच्या बाईंचे हात थांबले.

"वो बच्ची आप थीं?" त्यांनी विचारलं.

मला माहीत नव्हतं. मी मायकडे पाहिलं. माय पाखडत राहिली. "कोणाचं नं कोणाचं राहेच एखांदं," ती म्हणाली.

तांदूळ उचलून झाल्यावर मी रिकाम्या सिमेंटवर पाय फिरवून दाखवले. धानाशिवाय ते अगदीच काहीतरी दिसतं, पाय दुखत असल्यासारखं. काकांनी माझ्या मागोमाग करून पाहिलं आणि पोटऱ्या धरून बसले. ऊन तापायला लागलं होतं. खाली चटका बसू लागला तसे सगळे भराभर कडेला गेले आणि बूट घालू लागले. त्यांना काही वेगळं सांगायची गरज उरली नव्हती.

माय तांदूळ घेऊन स्वयंपाकघराकडे गेली. धुऊन शिजवायचे की नाही यावरून तिथे आचाऱ्याशी तिचं काहीतरी चाललेलं ऐकू येत होतं. मी मॅनेजरपुढे उभी राहिले. पाहुणे गेले होते.

"आपने सबके सामने मना किया मुझे," ते म्हणाले.

"हो सर."

"पहले दिन."

"हो."

"मेरी दादी होती तो मुझे भी डाँटती," ते म्हणाले, पण लगेच पुन्हा मॅनेजर झाले. "देखिए, मालिक से मैं क्या बोलूँगा वो मैं देखता हूँ. लेकिन आपकी आवाज़ पीछे तक नहीं जाती. बॉयलर पर आप काग़ज़ पढ़ रही थीं. लोग बोर हो रहे थे. ये सच है कि नहीं?"

"खरं आहे."

"दो शनिवार देखते हैं. उसके बाद पक्का बोलूँगा."

मला वाटलं होतं, ते हो तरी म्हणतील किंवा नाही तरी. दोन शनिवार म्हणजे काय, ते मला लगेच कळेना. मग कळलं. म्हणजे बॉयलर आणि चिमणीचं मला नुसतं पाठ करून चालणार नाही, समजून घ्यावं लागेल. म्हणजे घरी अंगणात उभं राहून मोठ्याने बोलायची सवय करावी लागेल, शेजारच्या काकूने कितीही टोमणे मारले तरी. म्हणजे येताना धान आणावं लागेल.

"धान मी आणते सर," मी म्हटलं. "अन् पाहुण्यांना तांदळावर चालायला सांगायचं नाही, मी असताना."

"शर्त भी रख रही हैं आप?"

माझी मान खाली गेली. पण "नाही" असं मी म्हटलं नाही. त्यांनी हात हलवला, म्हणजे जा.

माय फाटकाशी होती. रखवालदाराशी तिची ओळख निघाली होती. तो इथेच पोती उचलायचा म्हणे, आणि आता मिशी वाढवून सलाम ठोकतो. ती त्याला त्यावरूनच चिडवत होती. मला पाहून थांबली.

"ठेवलं का कामावर?"

"दोन शनिवार पाहणार म्हणून राहिले. मग सांगतील."

मायने पिशवी खांद्याला अडकवली.

"मंग पाहू दे," ती म्हणाली, आणि बस थांबते त्या बाजूला रस्ता ओलांडू लागली.